आई गेली आणि डोळ्यांतून टिपूसही आलं नाही

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या ताईंचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं. एके दिवशी त्या खडू हातात धरून फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि साधी तारीख लिहिता येईना. चौथीची मुलं गप्प बसून बघत राहिली. दिवाळीच्या सुमारास रत्नागिरीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची एस्सिटालोप्रॅम ही १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि दीड महिन्यात त्या सावरल्या. गेल्या डिसेंबरात बदलीच्या धसक्याने पुन्हा झोप बिघडली, तेव्हा गोळी २० ची झाली. शिमग्याला पालखी अंगणात आली. “ओटी भरली, पाया पडले, झालं. दरवर्षी अंगावर काटा येतो, यंदा काहीच नाही.” एप्रिलमध्ये त्यांची आई गेली. शेवटचे नऊ दिवस इस्पितळात आईजवळ त्याच होत्या. माहेरच्या पडवीत बायका कुजबुजल्या, “लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाय.” मे महिन्यात त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर सुरू झाली, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. चौथ्या दिवशी विरजण लागलं नाही म्हणून तासभर हमसून रडल्या आणि त्यांना वाटलं, “ही खरी मी.” पाचव्या दिवशी घाबरून गोळी परत सुरू केली. यजमान म्हणतात, सवय लागेल, गोळ्या सोड, मन खंबीर कर. नणंदेने झोपेसाठी एका वैदूकडची पुडी आणून दिली आहे, आणि देवाला कौल लावून बघू म्हणते. ताई विचारतात, “गोळी घेणारी मी खरी, की न घेणारी? आईसाठी रडता यावं म्हणून गोळी सोडली तर चालेल का?”

ताई,

पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. आईने गेल्या उन्हाळ्यात केलेल्या आमसुलांची बरणी तुमच्या फडताळात आहे, ती उघडायचा धीर होत नाही, आमटीला तुम्ही दुकानातली सोलं आणता. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या ओळीत दिसतं. जिला काही वाटतच नाही, तिला बरणी उघडायला धीर कशाला लागेल? दुःख तुमच्या घरात आहे, ताई. फडताळात, घट्ट झाकण लावून. ते डोळ्यांपर्यंत का पोचत नाही, एवढंच शोधायचं आहे. “मी दगड झाले का” या प्रश्नापेक्षा हा प्रश्न पुष्कळ लहान आहे आणि सुटण्यासारखा आहे.

पुढे जाण्याआधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. समुपदेशन शिकण्याआधी मी बावीस वर्षं तालुक्याच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी होते. मनाच्या गोळ्या घ्यायला येणारं माणूस मला पायरीवरच ओळखू यायचं. दुकानात गर्दी असली तर ते बाहेर एसटीची वाट बघितल्यासारखं करी. गर्दी ओसरली की आत येऊन चिठ्ठी घडी न उलगडता पुढे सरकवी, आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून मागे. आपल्या गावात दुकान असून वीस किलोमीटर लांब यायचं, कारण आपल्या गावचा दुकानदार ओळखीचा. डोस ठरवणं तेव्हाही माझं काम नव्हतं, आजही नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं. पण गोळी माणसात काय करते आणि माणूस गोळीबद्दल काय काय मनात धरून बसतं, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

आधी त्या चार दिवसांचं बोलू, कारण खरी गल्लत तिथे झाली आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हातून. सेरोटोनिन हे त्यातलं एक. निरोप देऊन झाला की पाठवणारी पेशी ते रसायन परत ओढून घेते. तुमची गोळी हे परत ओढणं अडवते, म्हणून सेरोटोनिन दोन पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ थांबतं. आगरात शिंपणं करताना पोफळीच्या आळ्याचा बांध थोडा उंच केला की पाणी आळ्यात जास्त वेळ राहतं, तसं. गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच हा बांध उंच होतो, तरी माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात, कारण नुसतं पाणी साठून भागत नाही. मुळांना त्या ओलीशी जुळवून घ्यावं लागतं. मेंदूही तसंच करतो, निरोप घेणारी आपली व्यवस्था हळूहळू बदलतो.

तुमच्या मेंदूने दीड वर्षं लावून ही व्यवस्था बसवली होती. मग एका रात्री तुम्ही बांध फोडलात. एस्सिटालोप्रॅम रक्तात निम्मं व्हायला साधारण तीस तास लागतात. म्हणजे चौथ्या दिवशी जेमतेम दहावा हिस्सा उरला असणार. चक्कर, डोक्यात वीज चमकणं, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, क्षुल्लक कारणावरून आवरता न येणारं रडू, ही सगळी गोळी एकदम थांबवल्याची ओळखीची लक्षणं आहेत. तेव्हा विरजणावरून आलेलं ते रडू गोळीविना असलेल्या “खऱ्या” तुमचं होतं, असं कसं म्हणायचं? त्यातही गोळीचा हात होता, जसा आईच्या वेळच्या कोरड्या डोळ्यांत असू शकतो. येताना जसा तिचा परिणाम असतो, तसा अचानक जातानाही असतो.

त्या विरजणात आई अजिबात नव्हती, असं मात्र मी म्हणत नाही. कदाचित असेलही. दूध कोमट असताना बोट बुडवून बघायला कुणी शिकवलं होतं तुम्हाला? पण त्या तासाच्या रडण्याला खरेपणाचा दाखला देऊन तुम्ही पुढचं आयुष्य ठरवायला निघाला आहात, ते मला धोक्याचं वाटतं.

यजमान “सवय लागेल” म्हणतात, त्याचंही इथेच सांगते. सवय या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. व्यसनात जीव त्या वस्तूकडे धावतो, मात्रा वाढवावीशी वाटते, मिळाली नाही तर माणूस घरातली भांडी विकतो. या गोळीचं तसं होत नाही. शरीराला मात्र तिची सवय होते, आणि म्हणून ती एकदम सोडायची नसते. यजमान काळजीपोटी बोलतात हे तुमच्या पत्रातून कळतं. त्यांना हा फरक कुणी समजावून सांगितलेला नाही, एवढंच.

आता तुमचा मोठा प्रश्न. खरी कोणती?

तुम्ही लिहिता, आई रोज पहाटे मागच्या पडवीत मशेरी लावत बसायची, आणि ते झाल्याशिवाय कुणाशी धड बोलायची नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, मेंदूत पोचतं, तिथे दुसऱ्याच एका निरोप्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि डोपामिन नावाचं आणखी एक निरोप नेणारं रसायन सुटतं. बरं वाटतं, तरतरी येते. मग मशेरीआधीची घुमी आई खरी, की मशेरीनंतर तुमची वेणी घालता घालता गोष्ट सांगणारी? तुम्ही हा प्रश्न कधी विचारला नाहीत. तुमच्या लेखी ती एकच आई होती, आणि ते बरोबरच होतं. (मशेरीची भलामण करत नाही. तोंडाचा कर्करोग मी आमच्याच घरात पाहिला आहे. सासरी कुणी लावत असेल तर सोडायला मदत करा.) शाळेच्या मधल्या सुट्टीतला तुमचा चहाही तेच करतो. थकव्याचा निरोप नेणारं अॅडेनोसिन नावाचं रसायन आहे, चहाकॉफीतलं कॅफिन त्याची वाट अडवतं. चहानंतर पाचवा तास नीट घेणाऱ्या बाईंना कुणी “ही चहा बोलतेय” म्हणत नाही.

सांगायचं ते हे, की रसायनांशिवायचं असं कोरं मन कुणाकडेच नसतं. ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे, ना पडवीतल्या त्या बायकांकडे. भूक, पाळी, जाग्रण, लेकराचा स्पर्श, ताप, उपास, सगळं तिथे काही ना काही ढवळत असतं. दोन वर्षांपूर्वी फळ्यासमोर थिजलेल्या तुमच्या पोटात एकही गोळी नव्हती. ती “शुद्ध” तुम्ही होतात. पण ती तुम्ही खरी, असं आज तुम्ही म्हणाल का?

यावर कुणी म्हणेल, मग दारूचं काय? प्यायलेल्या माणसाला आपण म्हणतोच की, हा नाही बोलत, दारू बोलते. हा आक्षेप मला पटतो आणि म्हणून त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं. दारू मेंदूचा लगाम सैल करते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस मान खाली घालतो, कारण जे बोलला ते त्याचं त्यालाच मान्य नसतं. माझी कसोटी ही आहे. पोटात काय गेलं यावरून खरंखोटं ठरत नाही. जे केलंत ते शांतपणे मागे वळून बघताना तुमचं तुम्हाला आपलं वाटतं का? त्या नऊ रात्री आठवा. इस्पितळातल्या बाकड्यावर बसून तुम्ही चमच्याने पेज भरवलीत, कूस बदललीत, भावाला मुंबईहून बोलावून घेतलंत, डॉक्टरांना न घाबरता प्रश्न विचारलेत. फळ्यावर तारीख लिहू न शकणाऱ्या त्या दिवसांत हे तुमच्याच्याने झालं असतं का? आईचं शेवटचं सगळं करणारी मुलगी गोळी घेणारी होती. तिला परकी म्हणू नका.

तरीही तुमची तक्रार खोटी ठरत नाही. काहीतरी हरवलं आहे, हे तुम्हाला जाणवतं आणि माझा त्यावर विश्वास आहे. ते कशामुळे, हे बघू.

मला तीन शक्यता दिसतात. एक म्हणजे माणूस गेल्यावरचा सुन्नपणा. पहिल्या दिवसांत पुष्कळांना रडू येत नाही, विशेषतः ज्यांच्या अंगावर सगळी धावपळ पडते त्यांना. गोळीचा संबंध नसतानाही हे होतं. दुसरी म्हणजे मूळचं नैराश्यच पुन्हा डोकं वर काढत असेल. त्या आजारात रडूच येतं असं नाही, कोरडेपणाही येतो. पण तेव्हा सोबत झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडतं, आणि तुम्ही लिहिता की वर्ग व्यवस्थित चालू आहे, हिशेब चुकत नाहीत. तिसरी म्हणजे गोळीचा दुष्परिणाम. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी लोकांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. दुःखाची धार जाते तशी आनंदाचीही. २०२३ साली केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना तीनेक आठवडे हेच एस्सिटालोप्रॅम देऊन पाहिलं. त्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष शाबूत राहिलं, पण एखादी गोष्ट बरोबर केल्यावर मिळणाऱ्या शाबासकीचा परिणाम त्यांच्यावर कमी व्हायला लागला. गणित जमतं, अंगावर काटा येत नाही. तुमच्या पत्रात अगदी हेच आहे.

आणि तुम्हीच मला एक दुवा दिला आहे, तुमच्या लक्षात आला नसेल. गोळी डिसेंबरात वाढली. पालखी मार्चमध्ये आली. आई एप्रिलमध्ये गेली. म्हणजे कोरडेपणा आईच्या आधीचा आहे! गोळी १० ची होती त्या वर्षी पालखीला काटा आला होता का? आठवून बघा. आला असेल, तर संशय वाढीव डोसवर जातो, आणि डोस ही बदलता येणारी गोष्ट आहे.

हा दुष्परिणाम लोक डॉक्टरांना सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तोंड कोरडं पडतं, मळमळतं, हे सांगतात. “पूर्वीसारखं वाटत नाही” हे सांगत नाहीत, कारण त्यांना ती तक्रार वाटत नाही, आपला स्वभाव बिघडला असं वाटतं. नवराबायकोच्या जवळिकीतली इच्छा कमी होणं हाही याच गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे आणि त्याबद्दल तर कुणीच तोंड उघडत नाही. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी सांगून ठेवते.

डॉक्टरांनी सुरुवातीला तुम्हाला “मेंदूतलं रसायन कमी झालंय, गोळीने भरून येईल” असं सांगितल्याचं तुम्ही लिहिता. पुष्कळ डॉक्टर असंच सांगतात, रुग्णाला धीर यावा म्हणून. मला हे म्हणणं आता पुरेसं वाटत नाही. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी आजवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा मिळाला नाही. त्यावरून कुणी “मग गोळ्या थोतांड” म्हणत असेल तर तेही चूक. २०१८ मध्ये “लॅन्सेट” या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांचा, ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात एकूण एक औषध औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं, कुणी थोडं, कुणी जास्त. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे ताप आला होता असं होत नाही. तुमच्या मेंदूत काही “उणं” होतं, हे मनातून काढून टाका. आजाराशी झुंजताना या गोळीने तुम्हाला आधार दिला, एवढं धरून चाला.

नणंदेच्या पुडीकडे येते. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण ती पुडी घेऊ नका. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. सर्पगंधा ही आपल्याकडच्या जंगलात होणारी मुळी. झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी वैद्य ती वापरत आले आहेत. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा गुण जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरला, पण काही रुग्ण उदास व्हायला लागले. पुढे कळलं की रेसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रिनॅलिन यांचे साठेच रिकामे करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन ससे निपचित पाडले आणि डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा देऊन त्यांना परत हिंडतं केलं. पार्किन्सनच्या आजारावरचं औषध या वाटेने आलं, २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. मुळीने उदास झालेल्या त्या माणसांची उदासी खोटी नव्हती, आणि त्या सशांचं उठून पळणंही खोटं नव्हतं. मुळी आपल्या रानातली असली म्हणून ती मेंदूला काही करत नाही असं नसतं, हे एवढ्यासाठी सांगितलं. झोपेच्या पुडीत काय आहे हे लिहून दिलेलं नसताना ती या गोळीसोबत पोटात घालायची नाही. हाच नियम दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांना. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने तुमच्या औषधासोबत पोटात रक्तस्राव व्हायचा संभव वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, या दोन्हींशीही तिचं पटत नाही. दुकानदाराला आपली गोळी कोणती ते सांगा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी त्याच्यापुढे उलगडा. तो बघून विसरतो, मी विसरायचे.

कौल लावायचा तर लावा. गाऱ्हाणं घातल्यावर मन हलकं होतं, ते मीही अनुभवलं आहे. मात्र गोळी घ्यावी की सोडावी, हे देवाला विचारू नका. आईबद्दल जे बोलायचं राहून गेलं असेल ते तिथे बोला.

आता करायचं काय. तुम्ही “गोळी ठेवायची की सोडायची” असा दोनच वाटांचा प्रश्न केला आहे. वाटा जास्त आहेत. डॉक्टर डोस २० वरून हळूहळू खाली आणू शकतात, आणि तुमच्या पत्रातल्या तारखा पाहता त्यांना बहुधा हीच वाट आधी सुचेल. किंवा ते औषधाची जात बदलू शकतात. भावना कमी बोथट करणारी औषधंही आहेत. किंवा काही महिने आहे तसं ठेवून, सोबत बोलण्याचे उपचार सुरू करू शकतात. आणि अगदी सोडायचीच असेल तर तीही सोडता येते. पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यात, पूर्ण बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, मग कमी करण्याचा विचार होतो. पण डिसेंबरात तुमची झोप पुन्हा बिघडली होती, त्यात आई जाऊन तीनच महिने झालेत, म्हणून पूर्ण सोडण्याची घाई मी तुमच्या जागी करणार नाही. गणपतीत चाकरमानी घरी येणार, वीस माणसांचा स्वयंपाक, त्या धामधुमीत तर मुळीच नाही.

कमी करतानाची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २० वरून १० वर येताना मेंदूवरचा परिणाम थोडासाच उतरतो. ५ वरून शून्यावर येताना तो एकदम कोसळतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवायच्या असतात, लोक करतात नेमकं उलट: निम्मी झाली, पाव झाली, आता काय राहिलं म्हणून फेकून देतात. एक दिवसाआड घेणं हाही आपल्याकडचा लाडका उपाय, तो करू नका. त्याने रक्तातलं प्रमाण वरखाली होत राहतं आणि मेमधले ते चार दिवस दर खेपेला थोडे थोडे भोगावे लागतात.

तुमच्या वयाचा विचार करून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्या, आणि पाळी मागेपुढे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या बदलांनीही मन हलतं. यजमानांना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून पाच मिनिटं ऐकलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात, हे मी पाहिलं आहे. खासगी डॉक्टरांकडे जाणं जड जात असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, शासकीय मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते. त्या इमारतीचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. नका आणू. खर्चाची अडचण असेल तर हेच औषध जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं.

एकट्याने वाट बघणं अवघड झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटला, किंवा याच्या उलट झोपच लागेना आणि अंगात भलताच उत्साह संचारला, तर दिवस ढळायची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. हे तुम्हालाही आणि या जातीची गोळी नुकतीच सुरू केलेल्या प्रत्येकाला, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या आईवडिलांना.

पडवीतल्या बायकांबद्दल एवढंच म्हणेन. त्यांनी टिपूस शोधलं, कारण प्रेम बघायची त्यांच्याकडे तेवढीच खूण होती. नऊ दिवस त्या तिथे नव्हत्या.

डॉक्टरांकडे जाताना एक चिठ्ठी लिहून न्या, समोर बसल्यावर सगळं विसरायला होतं. गोळी कधी सुरू झाली, कधी वाढली, पालखीला काय झालं, आई कधी गेली, मेमध्ये कोणते चार दिवस बंद केलीत आणि काय काय झालं. पाचसहा ओळी पुरेत. त्यात आमसुलांच्या बरणीचंही लिहा, आणि या वेळी सहीच्या खाली नको, वर लिहा. तोवर आज रात्रीची गोळी घ्या.